सरांच्या पुस्तकातला ळ

माधव : मध्ये बोलू नका, पुढचं वाक्य ऐका. "मी लहान असताना आमच्या घराजवल एक देऊल होतं. त्याच्या ओसरीवर आम्ही पोरं गोट्या खेलत असू."

रतन : घराजवल? खेलत?

माधव : माझं बोट जे सांगतंय ते मी वाचतोय. पुढे आहे. "आमचं कूल मूलचं सासवडचं."

रतन : मूळचं.

माधव : मूलचं. ब्रेलमध्ये लचे ठिपके वेगळे असतात आणि ळचे वेगळे. रतनराव, या सबंध पुस्तकात एक ळ शिल्लक नाही. चाळीसच्या चाळीस प्रती छापून, बांधून तयार आहेत.

रतन : आणि हे माझ्या प्रोग्रॅमनं केलं?

माधव : तुमच्या प्रोग्रॅमनं आणि माझ्या बोटांनी मिळून. म्हणून तर रविवारी सकाळी सदाशिव पेठेतला माणूस येरवड्यात आलाय. एरवी आम्ही लकडी पूलसुद्धा कारणाशिवाय ओलांडत नाही. येरवडा म्हटल्यावर रिक्षावाल्यानं विचारलं, भेटायला जायचंय की कायमचं?

रतन : दोन वर्षं आपण ई-मेलवर बोलतोय, आणि पहिल्यांदा घरी आलात ते हे असं. आधी चहा घ्या. तुमच्या उजव्या हाताला स्टूल आहे, त्याच्यावर कप ठेवलाय. गरम आहे. आई विहारात गेलीय, ती असती तर पोह्यांशिवाय सोडलं नसतं तुम्हाला.

माधव : चहा पुरे.

रतन : तुम्ही नेमकं काय टाइप केलंत ते सांगता?

माधव : पहिली प्रत तपासायला काढली, तेव्हा सगळं बरोबर होतं. ती मी पानन् पान वाचली. ळ जिथल्या तिथे. मग शेवटच्या छपाईच्या दिवशी कमांड नव्यानं लिहिली आणि भाषेच्या जागी 'एमआर'ऐवजी 'एमएआर' लिहिलं. माझ्या लॅपटॉपवर जो प्रोग्रॅम मला स्क्रीन वाचून दाखवतो ना, त्याला मराठी म्हणजे 'एमएआर' लागतं. तुमच्याला 'एमआर'. हात सवयीनं गेला. एंटर दाबलं, तुमचा प्रोग्रॅम काही बोलला नाही, छपाईचं मशीन खडखडायला लागलं. मी म्हटलं, झालं काम.

रतन : 'एमएआर' त्याला ओळखता आलं नाही. भाषा ओळखता आली नाही की तो हिंदी धरून पुढे जातो. हिंदीच्या तक्त्यात मी ळ ठेवलेला नाही, म्हणून त्या जागी ल. पण हे माहितीच्या पानावर लिहिलेलं आहे, माधवराव.

माधव : आहे ना. काल शोधून काढलं मी. तळघरात दडवल्यासारखं ठेवलंय.

रतन : माझी चूक नाही असं म्हणत नाही मी. पुन्हा छापू. बांधणीला मी स्वतः येतो, सुट्टी टाकतो.

माधव : बांधणीला माणसं आहेत माझ्याकडे. पुस्तक कोणाचं आहे, ते मी तुम्हाला सांगितलं होतं का?

रतन : तुमच्या शाळेतल्या एका जुन्या सरांच्या आठवणी, एवढंच माहितीय.

माधव : श्यामसुंदर सर. आम्हाला मराठी शिकवायचे. स्वतः जन्मापासून अंध. वर्गात कुणी 'पानी' म्हटलं की म्हणायचे, यातला ण बुडाला रे, कोण उडी मारतोय? आम्हा आंधळ्या पोरांचं बोलणं स्वच्छ पाहिजे, हा त्यांचा हट्ट. म्हणायचे, लोक तुमच्याकडे बघून काहीतरी ठरवून टाकणार, ते तुम्ही तोंड उघडून बदलायचं. आज मी सरकारी कार्यालयात गेलो आणि माणसं मला 'अहो' म्हणाली, तर ते सरांमुळे.

रतन : मग त्यांना हे पुस्तक वाचून...

माधव : थांबा. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सुधारले, जीभ जड राहिली. बाकी सगळं बोलतात, पण ळ निघत नाही. ळ म्हणायला गेले की ल येतो.

रतन : अरे देवा.

माधव : तेव्हापासून ळ असलेला शब्दच टाळतात. संध्याकाळला दिवेलागण म्हणतात. माझ्या मुलीला बाळ म्हणायचे, आता छकुली म्हणतात. एवढे शब्द पोटात असलेला माणूस, त्यामुळे अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. पुस्तक सांगताना मात्र त्यांनी एकही शब्द टाळला नाही. मला सांगत होते ना. मी ऐकून नीट लिहीन, हा भरवसा होता.

रतन : आणि तुम्ही नीट लिहिलंत.

माधव : मी नीट लिहिलं. गुरुवारी बांधलेली प्रत त्यांच्या हातात ठेवली. दोन पानं वाचली त्यांनी. मग पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "जसं बोललो तसंच उतरवलंस. प्रामाणिक आहेस."

रतन : त्यांना वाटलं, तुम्ही मुद्दाम...

माधव : मुद्दाम नाही. त्यांना वाटलं, जगाला आपण आता असेच ऐकू येतो. येत्या शनिवारी प्रकाशन आहे, शाळेच्या सभागृहात. येणार नाही म्हणाले.

रतन : पण चूक प्रोग्रॅमची आहे, हे सांगायचं ना त्यांना.

माधव : सांगितलं की. म्हणाले, "यंत्र चुकलं तर ओरडतं. माझा कुकरसुद्धा शिट्टी देतो. मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस तू." त्यांचं बरोबरच आहे. यंत्रानं ओरडायला हवं होतं.

रतन : ते मी मुद्दाम ठेवलंय. न ओरडणं.

माधव : मुद्दाम?

रतन : सत्त्याण्णव साली मी कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागलो. महापालिकेची शाळा, मराठी माध्यम, आमच्या अख्ख्या आळीत कॉम्प्युटर बघितलेला मी पहिलाच. पहिल्या दिवशी एक कमांड टाइप केली, त्यात काहीतरी चुकलं. स्क्रीनवर उमटलं, 'बॅड कमांड'. मला त्यातलं 'बॅड' तेवढं समजलं. शिकवणारे मागेच उभे होते. मोठ्यानं म्हणाले, "बॅड कमांड कुणाची? येरवड्याची का?" सगळा वर्ग हसला.

माधव : मग?

रतन : मग मी जायचं बंद केलं. आईला वाटायचं मी क्लासला जातोय, आणि मी बंडगार्डनच्या पुलावर नदी बघत बसायचो. पुन्हा गेलो नंतर. शिकलो. खराडीला नोकरी लागली, हे घर झालं. पण हा प्रोग्रॅम लिहायला घेतला तेव्हा मनाशी ठरवलं होतं, हा कुणाला बॅड म्हणणार नाही. जे लिहिलं असेल ते घेईल, समजलं नाही तर अंदाजानं पुढे जाईल. खुला ठेवलाय तो, कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. पहिल्यांदा कीबोर्डवर हात ठेवणाऱ्याला दारातून परत पाठवायचं नाही.

माधव : चांगला विचार केलात.

रतन : हा टोमणा आहे का?

माधव : टोमणा असता तर याहून गोड बोललो असतो. रतनराव, दारातून मी पुष्कळदा परत गेलेलो आहे. बँकेतून, कॉलेजातून, एकदा तर सासऱ्यांच्या दारातून. त्याची सवय होते. त्याहून वाईट काय असतं सांगू? ते आत घेतात. खुर्ची देतात. हो हो, होईल, म्हणतात. आणि काम भलतंच करून ठेवतात, कारण याला काय दिसणार आहे. मला ते कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. तुमच्या प्रोग्रॅमनं मला तसं सांभाळून घेतलं.

रतन : मी तसा विचार केला नव्हता.

माधव : तुमच्या मनात वाईट नव्हतं, ते मला समजतंय. त्या मास्तराचा राग मलाही आलाय.

रतन : पण आता बदलणंही सोपं नाही. नागपूरला एक शाळा आहे. तिथल्या दुर्गाबाई वर्षभर हा प्रोग्रॅम चालवतायत. त्यांनी भाषेच्या जागी सरळ 'मराठी' असा शब्द लिहून ठेवलाय. मी सुरुवातीलाच तपासणी बसवली, की उद्या सकाळी त्यांचं मशीन बंद.

माधव : 'मराठी' हा शब्द तुमचा प्रोग्रॅम ओळखतो?

रतन : नाही.

माधव : म्हणजे हिंदी धरतो.

रतन : हो.

माधव : म्हणजे नागपूरच्या पोरांना वर्षभर ळ मिळालेला नाही. आणि एकानंही तक्रार केली नाही. पुस्तकात आहे म्हणजे तसंच असणार, असं धरून चाललीत ती.

रतन : हे... हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यातली काही तर पहिलीतली आहेत.

माधव : चहा घ्या. तुम्ही कप उचललेला मी अजून ऐकला नाही.

रतन : सर राहतात कुठे?

माधव : नारायण पेठेत. दुपारी झोपत नाहीत. तुम्ही चला आणि तुमच्या तोंडून सांगा. लॅपटॉप मी आणलाय. नुसत्या शब्दांवर ते विश्वास ठेवायचे नाहीत. शब्द कसे वाकवतात, ते त्यांनीच आम्हाला शिकवलंय.

(त्याच दुपारी, नारायण पेठेत श्यामसुंदर सरांची खोली. टेबलावर माधवचा लॅपटॉप, आणि त्याला जोडलेली ब्रेलची पट्टी : लॅपटॉपवरचा मजकूर तिच्यावर ठिपके होऊन वर येतो आणि बोटांनी वाचता येतो.)

श्यामसुंदर : बरोबर कोण आहे? या चपलांचा आवाज नवा आहे.

माधव : सर, हे रतन. आपला ब्रेलचा प्रोग्रॅम यांनी लिहिलाय.

श्यामसुंदर : बसा. माधवनं साक्षीदार आणलाय म्हणायचा.

रतन : साक्षीदार नाही सर. आरोपी.

श्यामसुंदर : पढवूनही आणलंय. हे बघा, माझा कुणावर राग नाही. जीभ माझी, शब्द माझे. त्यानं ऐकले तसे घेतले. उगाच तुम्हाला उन्हातून हिंडवलं त्यानं.

रतन : मी काही समजावत नाही सर, करून दाखवतो. कुठलंही एक वाक्य सांगा. फक्त त्यात ळ पाहिजे.

माधव : वाक्य मी देतो.

श्यामसुंदर : हो, तोच देऊ दे.

माधव : "काळी मांजर माळ्यावर झोपली." घ्या, टाइप केलं. रतनराव, आता भाषा तुम्ही घाला.

रतन : आधी बरोबर घालतो. 'एमआर'. सर, बोट पट्टीवर ठेवा.

श्यामसुंदर : हं. वाक्य ठीक आहे. मांजर, माडीवर... ठीक आहे.

रतन : आता तेच वाक्य. भाषेच्या जागी 'एमएआर', शेवटच्या छपाईत गेलं तसं. एंटर दाबतोय. पुन्हा वाचा.

माधव : काय आहे सर?

श्यामसुंदर : थांब. पुन्हा वाचतो.

माधव : वाक्य मी टाइप केलंय सर. तुम्ही तोंडसुद्धा उघडलेलं नाही.

श्यामसुंदर : यात माझा आवाज कुठेच नाही.

माधव : नाही सर. पुस्तकातही नव्हता.

श्यामसुंदर : आणि हे यंत्र गप्प बसलं. चूक केली आणि गप्प बसलं.

रतन : मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं. लोक घाबरू नयेत म्हणून.

माधव : यांना एका मास्तरानं भर वर्गात हसं केलं होतं सर. पहिल्याच कमांडला. तेव्हापासून यांनी ठरवलं, कुणाची चूक काढायची नाही.

श्यामसुंदर : रतन, त्या माणसानं तुम्हाला सांगितलं का, कोणतं अक्षर चुकलं होतं?

रतन : नाही. मला अजूनही माहीत नाही.

श्यामसुंदर : मग त्यानं तुमची चूक काढलीच नाही. नुसतं हसून घेतलं. मी चव्वेचा... चार दशकं पोरांच्या चुका काढल्या. एकाही पोरानं शिकणं सोडलं नाही. हा समोर बसलाय, याला विचारा.

माधव : सोडून जाणार कुठे सर, दाराशी तुमची खुर्ची असायची.

रतन : आता बदलतो. इथेच बसून, थोड्या ओळींचं काम आहे. प्रोग्रॅम सुरू झाला की छपाईला हात लावायच्या आधी, जे जे लिहून दिलंय ते सगळं तपासेल. भाषा ओळखीची आहे का, फाइल जागेवर आहे का, कागदाची रुंदी मशीनला झेपते का. काही बसत नसेल तर तिथेच थांबेल.

श्यामसुंदर : थांबेल आणि काय म्हणेल?

रतन : हे लिहितोय. "त्रुटी. अवैध भाषा-संकेत."

श्यामसुंदर : हे कोण बोलतंय? तहसीलदार?

रतन : सॉफ्टवेअरमध्ये अशीच भाषा असते सर.

श्यामसुंदर : 'अवैध' काढा. त्यानं गुन्हा केलेला नाही, दोन अक्षरांच्या जागी तीन लिहिलीत. काय लिहिलंस ते त्याला परत ऐकवा, आणि काय हवं होतं ते सांगा. 'त्रुटी'ही नको. तो शब्द दातात अडकतो.

रतन : मग असं. "'एमएआर' ही भाषा मला माहीत नाही. मराठीसाठी 'एमआर' लिहा."

श्यामसुंदर : बरं आहे. पण तो अजून घाबरलेलाच आहे. यंत्र थांबलं म्हणजे आपण काही बिघडवलं, असंच वाटणार त्याला.

माधव : मला दर वेळी वाटतं सर.

रतन : पुढे जोडतो. "अजून काहीही छापलेलं नाही."

श्यामसुंदर : हां. आता हे माणसाशी बोलतंय.

रतन : दुर्गाबाईंच्या मशीनसाठी 'मराठी' हा शब्दही ओळखायला शिकवतो त्याला. आणि त्यांना आजच फोन करतो. वर्षभर जे छापलं गेलंय, ते त्यांना कळायलाच हवं. ऐकून घ्यावं लागेल मला, पण करतो.

माधव : फोन माझ्यासमोर करा. मध्ये अडलात तर मी बोलेन.

श्यामसुंदर : माधव.

माधव : सर.

श्यामसुंदर : गुरुवारी तुला मी जे बोललो, ते फार वाईट होतं.

माधव : प्रामाणिक म्हणालात सर. त्यात वाईट काय?

श्यामसुंदर : तू जाणतोस मला. कसं म्हणालो ते तुला समजलं होतं.

माधव : समजलं होतं. तीन रात्री झोप नाही. पण आता ते सोडा. मी आजपासून पुन्हा छापायला घेतो, शनिवारपर्यंत होईल. तुम्ही येणार ना?

श्यामसुंदर : येऊन दोन शब्द बोलावे लागतील. पुस्तक शुद्ध आणि लेखक बोबडा. समोरच्यांना कोडं पडेल.

माधव : भाषण मी करतो तुमच्या वतीनं. तुम्ही नुसते बसा.

श्यामसुंदर : जन्मभर तुम्हा पोरांना उभं राहून बोलायला लावलं, आणि मी बसू? नाही. तू पुन्हा छापतोच आहेस, तर एक पान वाढव. लिहून घे.

माधव : सांगा.

श्यामसुंदर : "गेल्या वर्षी मला अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून माझ्या तोंडून ळ हे अक्षर निघत नाही."

माधव : सर, मी... ते अक्षर उघड लिहू का? तसंच?

श्यामसुंदर : अक्षरच लिही. आजवर पुष्कळ लपवलं. "मी फळ म्हणतो, ऐकणाऱ्याला फल ऐकू येतं. बोलताना मी अशा शब्दांना वळसा घालत होतो, पण हे पुस्तक सांगताना घातला नाही. जिथे ळ आहे तिथे मी ळच म्हटला आहे, आणि माधवने तो तसाच लिहून घेतला आहे."

माधव : माझं नाव नको सर.

श्यामसुंदर : मजकूर माझा आहे. लिहिलंस?

माधव : लिहिलं.

रतन : सर, तुम्ही आत्ता सलग एवढे ळ म्हणालात, आणि मला प्रत्येक शब्द समजला.

श्यामसुंदर : ऐकणारा मन लावून ऐकत असेल तर समजतो. सगळेच तसं ऐकत नाहीत, म्हणून लिहून ठेवायचं.

माधव : हे पान शेवटी घालतो मग. उगाच पहिल्यांदाच आजारपण नको.

श्यामसुंदर : शेवटी नको, सुरुवातीला घाल. वाचणाऱ्याला आधीच कळू दे.